आरोपी कायम बॅटरीच

विजेवर चालणारी जुनी गाडी रस्त्यात थांबली, की निकाल आधी लागतो. चौकशी नंतर होते, तीही झालीच तर. निकाल ठरलेला असतो : बॅटरी गेली. तुमच्याकडे बॅटरीची रिक्षा असेल, एखाद्या रिसॉर्टातून निवृत्त होऊन आलेली गोल्फ कार्ट असेल, नाहीतर साधी स्कूटर असेल, तर हे वाक्य तुम्ही ऐकलेलं आहे आणि त्यापायी पैसेही मोजलेले आहेत. तेव्हा बसा, चहा मागवतो. हे प्रकरण मुळापासून मांडायला हवं.

आमचं गाव नाकाडोंगरी, तालुका तुमसर, जिल्हा भंडारा. थोडं पुढं गेलं की मध्यप्रदेशाची हद्द लागते. माझी रिक्षा जुनी, सेकंडहँड घेतलेली. सपाट रस्त्यावर ती कोणालाही तक्रारीची संधी देत नाही. पण चार सवाऱ्या बसल्या आणि नाल्यावरच्या पुलाची चढण आली, की ती मध्येच थांबते. दिवे लागलेले, हॉर्न वाजतोय, गाडी जागची हलत नाही. सवाऱ्या उतरतात. रोवणीच्या दिवसांत चिखलात उतरतात. एकदा तर मुलगी पाहायला निघालेले पाहुणे पांढऱ्या पॅन्टींसह उतरले, आणि त्या सोयरिकीचं पुढं काय झालं हे विचारायची मला आजही हिंमत होत नाही. पाच-दहा मिनिटं उभी राहिली, की गाडी पुन्हा चालायला लागते. मेकॅनिकच्या दारात पोहोचते तेव्हा तिची तब्येत ठणठणीत असते.

मेकॅनिक बाहेर येतो. सीट उचलत नाही, मीटर काढत नाही. अंतरावरूनच निकाल वाचून दाखवतो, "काकाजी, बॅटरी गेली जी. बदलूनच टाका."

मी विचारतो, कोणती? आत चार आहेत.

"चारही."

शेजारच्या पानठेल्यावर खर्रा घोटत बसलेली मंडळी या निकालाला तात्काळ अनुमोदन देतात. एक म्हणतो, त्याच्या साळ्याच्या रिक्षाचंही असंच झालं होतं, बॅटरीच गेली होती. दुसरा विचारतो, "पानी टाकलं होतं का जी?" मी हो म्हणतो, तर तो मान हलवतो आणि सांगतो, मग जास्त झालं असेल. तिसऱ्याच्या मते कंट्रोलर उडाला आहे, पण ते मत अल्पमतात जातं. या सगळ्यांत गाडीकडं पाहिलेला माणूस एकही नसतो. ज्या गावात शेताच्या वीतभर धुऱ्यासाठी मोजणी मागवतात, दोनदा मागवतात, तिथं हजारो रुपयांच्या चार बॅटऱ्या मोजणीशिवाय भंगारात जातात. याची दखल कोणीच घेत नाही, हे मला सहन होत नाही.

आणि हे कुठं होतंय पाहा. आमच्या शेजारी डोंगरी बुजुर्गची खाण आहे. १८९६ मध्ये स्थापन झालेल्या इंग्रजांच्या कंपनीनं या पट्ट्यात मँगनीजच्या खाणी चालवल्या, १९६२ मध्ये त्या मॉयल कंपनीकडं आल्या. डोंगरी बुजुर्गच्या उघड्या खाणीतून निघणारं मँगनीज डायऑक्साइड कोरडे सेल बनवायला जातं. मॉयलनं तिथंच इलेक्ट्रोलिटिक मँगनीज डायऑक्साइडचा कारखानाही उभारला, तोही सेलसाठीच. १८६६ मध्ये लेक्लांशे नावाच्या फ्रेंच माणसानं जो सेल बनवला, त्याच्या पोटात हाच काळा दगड होता. टॉर्चच्या सेलला ज्या मातीनं जीव दिला, त्या मातीत बॅटरीला एवढी कमी किंमत असावी? माझ्या रिक्षात शिशाच्या बॅटऱ्या आहेत, मँगनीजच्या नाहीत, हे मला माहीत आहे. पण शेजारधर्म म्हणून काही असतं की नाही?

आता मूळ मुद्दा. ई-रिक्षात बारा-बारा व्होल्टच्या चार बॅटऱ्या एकापाठोपाठ एक जोडलेल्या असतात, मिळून ४८ व्होल्ट. गोल्फ कार्टमध्ये सहा किंवा आठ व्होल्टच्या सहा बॅटऱ्यांचे ३६ किंवा ४८ होतात. जात एकच. वीज पहिल्या बॅटरीतून निघते, पट्ट्या आणि केबलींमधून चौथीपर्यंत जाते, तिथून एमसीबी म्हणजे वीज तोडणारा स्विच, मग मोटारीला वीज मोजून देणारा कंट्रोलर, मग मोटार, आणि परत. या वाटेवर प्रत्येक बॅटरीचे दोन खांब, प्रत्येक खांबावर एक थिंबल म्हणजे केबलच्या टोकाची धातूची कडी, प्रत्येक थिंबलवर एक नटबोल्ट. चार बॅटऱ्यांचे आठ सांधे झाले. एमसीबीचे दोन धरा, कंट्रोलरचे दोन धरा, चार्जरच्या सॉकेटची फांदी वेगळी. या बारा ठिकाणांपैकी एक जरी ढिलं असलं, किंवा त्यावर पांढरा-हिरवा खार चढलेला असला, तरी गाडी चढणीवर थांबणारच. बारा संशयित मोकळे फिरतात आणि पकडलं जातं कोणाला, तर जे सगळ्यांत महाग आहे त्याला.

जरा आग्रह धरला, की मेकॅनिक मीटर काढतो. त्याचंही ऐका. उभ्या गाडीला तो मीटर लावतो. पूर्ण भरलेली बारा व्होल्टची बॅटरी शांत असताना साधारण १२.६ ते १२.७ दाखवते, चारांची बेरीज पन्नासच्या वर जाते. अर्धी उतरलेली १२.२ च्या आसपास. म्हणजे भरलेली आणि अर्धी रिकामी यांच्यात फरक अर्ध्या व्होल्टचा. माझ्या गाडीनं उभ्यानं ५०.६ दाखवले. मेकॅनिक म्हणाला, "पाहा जी, व्होल्टेज तं बरोबर आहे, पन लोड घेत नाई. बॅटरीच गेली." जो पुरावा आरोपीच्या बाजूनं होता, तोच त्याच्या विरोधात वाचला. आरामात पडलेल्या गाडीची मोजणी ही मोजणीच नाही. आजारी सांधा आणि आजारी बॅटरी, दोन्ही विश्रांतीत निरोगी दिसतात.

कारण सांध्यात व्होल्टेज किती गळतं, हे त्यातून वाहणाऱ्या अँपियरवर ठरतं. ओहमनं हे १८२७ मध्ये छापून ठेवलंय आणि शाळेत आपण सगळ्यांनी त्यावर मार्क घेतलेत. सपाटीवर पंधरा अँपियर वाहत असतील आणि एखाद्या थिंबलखाली एक व्होल्ट गळत असेल, तर कळतही नाही. चढणीवर पंचेचाळीस झाले, की तिथंच तीन व्होल्ट गळतात. कंट्रोलरला वाटतं बॅटऱ्या संपल्या. ४८ व्होल्टच्या कंट्रोलरची खालची मर्यादा साधारण ४२ ची असते. त्याखाली गेलं, की बॅटरी वाचवण्यासाठी तो मोटार बंद करतो. मोटार बंद झाली की अँपियर शून्य, गळती शून्य, आणि व्होल्टेज पुन्हा पन्नासवर. थोड्या विसाव्यानंतर गाडी चालू. म्हणून ती पुलावर थांबते आणि गॅरेजात चालते. कोणी करणी केलेली नाही, गाडी नखरे करत नाही. तिला कळतंय तेवढं ती प्रामाणिकपणे सांगते आहे, फक्त तिची साक्ष घ्यायला चढणीवर जावं लागतं, आणि चढणीवर यायला कोणीही तयार नाही.

मी गेलो. पुतण्याला चालवायला बसवलं, सवाऱ्यांच्या जागी घरची मंडळी बसवली, मीटरच्या तारा लांब करून मागं घेतल्या आणि पूल चढत असताना आकडे पाहिले. चारही बॅटऱ्यांच्या खांबांवरची बेरीज ४६ पर्यंत उतरली. जुन्या बॅटऱ्यांना हे शोभणारं आहे. कंट्रोलरच्या तोंडाशी मात्र ४१.५. मधले साडेचार व्होल्ट कुठं गेले? मग एक-एक सांधा घेतला. मीटरचं एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खांबावर आणि दुसरं त्याच खांबावर बसलेल्या थिंबलवर. दोघं एकमेकांना चिकटलेले, मध्ये केसाइतकंही अंतर नाही. तिथं आकडा जवळजवळ शून्य यायला हवा. दोन नंबरच्या बॅटरीच्या ऋण खांबावर आला २.६. उरलेलं एमसीबीनं आणि दोन किरकोळ थिंबलांनी आपसात वाटून घेतलं होतं.

२.६ व्होल्ट गुणिले चढणीवरचे साधारण ४० अँपियर म्हणजे शंभर वॅटच्या वर. घरातला छताचा पंखा याहून कमी वीज खातो. एक बोल्ट माझ्या सीटखाली बसून पंख्यापेक्षा जास्त वीज खात होता, तापत होता, वारा देत नव्हता, आणि शिक्षा मात्र बॅटरीला सुनावली होती. उतरल्यावर त्या बोल्टला बोट लावलं, तर चटका बसला. हात लावून गरम सांधा शोधणं ही मीटर नसलेल्यांसाठी उत्तम पद्धत आहे, फक्त अंगठी-कडं काढून ठेवा. ४८ व्होल्टचा झटका फारसा लागत नाही, पण दोन खांबांमध्ये धातू आडवा आला, तर शेकडो अँपियर वाहतात, पान्हा जागीच चिकटतो आणि अंगठी लाल होते.

आता सगळ्यांत गंभीर बाब. समजा मी मेकॅनिकचं ऐकून चारही बॅटऱ्या बदलल्या असत्या, तर काय झालं असतं? गाडी उत्तम चालली असती! कारण बॅटरी बदलताना सगळे बोल्ट सुटतात, थिंबल घासल्या जातात, खांब नवे कोरे येतात आणि बोल्ट पुन्हा आवळले जातात. बरा होतो सांधा, श्रेय मिळतं नव्या बॅटरीला. मेकॅनिक पुराव्यानिशी सांगू शकतो, "पाहा, बॅटरी बदलली अन् गाडी सुधरली." मालकही तेच सांगतो. पानठेल्यावर त्याची नोंद होते आणि पुढच्या गाडीच्या वेळी दाखला म्हणून वापरली जाते. अशी चुकीच्या निदानाची अचूक सिद्धता वर्षानुवर्षं साठत जाते. जुनी बॅटरी परत घेतली जाते, तिच्यातल्या शिशाला भाव असतो, आणि तिला निर्दोष ठरवू शकणारा एकमेव पुरावाही गाडीतून उतरून निघून जातो.

सरकारनंही याची अर्धीच बाजू पाहिलेली आहे. वापरलेल्या बॅटरीची विल्हेवाट कशी लावायची, याचे नियम २००१ मध्ये झाले, २०२२ मध्ये नवे आले. कोणी गोळा करायची, कोणी वितळवायची, जबाबदारी कोणाची, सगळं लिहिलेलं आहे. ती खरोखर मेली आहे का, हे कोणी तपासायचं, यावर ओळ नाही. अंत्यविधीची पूर्ण व्यवस्था, नाडी पाहायची तरतूद नाही.

आणि ई-रिक्षाकडं देशाचं लक्ष नाही, असंही म्हणता येत नाही. २०१४ च्या नियमांनी तिला चार सवाऱ्या, चाळीस किलो सामान आणि ताशी २५ किलोमीटरची मर्यादा घालून दिली, २०१५ मध्ये संसदेनं मोटार वाहन कायदा बदलून तिला जागा केली. माथेरानला तर तिच्यासाठी माणसं सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. तिथं मोटारींना बंदी, माणसं हातरिक्षा ओढत होती. मे २०२२ मध्ये न्यायालयानं प्रायोगिक परवानगी दिली, डिसेंबरात ई-रिक्षा घाटमाथ्यावर धावल्या, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठानं हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. माणसानं माणूस ओढू नये, म्हणून ही गाडी आली. मग चढणीवर ती बंद पडते तेव्हा तिला कोण ढकलतं? माणूसच. माथेरानला चढणी आहेत, पाऊस आहे, लाल माती आहे. तिथल्या रिक्षांमध्येही असेच सांधे आहेत. एका सांध्यावरचा खार घासला नाही, तर न्यायालयानं दिलेली चाकं पुन्हा माणसाच्याच खांद्यावर येतात. ही छोटी गोष्ट आहे, असं कोणी म्हणत असेल, तर त्यानं चार सवाऱ्यांसह पूल चढून दाखवावा.

न्यायाचं म्हणून सांगतो, बॅटरी कधी दोषी नसते, असा माझा दावा नाही. भंडाऱ्याचा उन्हाळा पंचेचाळीसला जातो, आणि बॅटरी सतत आठ-दहा अंशांनी जास्त तापली, तर आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं, असा ढोबळ हिशेब आहे. पाणी आटतं, प्लेटा उघड्या पडतात. मग कोणी बोअरचं पाणी ओततं आणि त्यातले क्षार कायमचे आत राहतात. डिस्टिल्ड पाणीच घालायचं, आणि तेही चार्जिंग झाल्यावर, कारण चार्जिंगमध्ये पातळी वर येते. आधी काठोकाठ भरलं, तर आम्ल उतू जातं आणि तोच खार थिंबलवर चढतो. अर्धवट चार्ज करून गाडी काढली, की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं. यात एखादी बॅटरी खरंच जाते. पण बहुधा एखादीच! चढणीवर प्रत्येकीचे आकडे वेगळे घ्या. तिघी साडेअकरावर आणि एक नऊवर घसरली, तर त्या एकीची खुशाल चौकशी करा, हायड्रोमीटर घालून तिच्या सहाही कप्प्यांतल्या आम्लाची घनता पाहा. भरलेल्या बॅटरीत ती १.२६ च्या आसपास असते. एक कप्पा फारच खाली असेल, तर आरोप सिद्ध झाला, माझी हरकत नाही. एकीपायी चौघींना मात्र घेऊ नका.

चार्जिंग चालू असताना वरून वाकून सल्ला देणाऱ्यांबद्दल एक निवेदन आहे. आमचा तेंदूपत्त्याचा मुलूख, त्यामुळे सल्ल्याच्या हातात बिडी असते. चार्जिंगमध्ये बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत चार टक्के झाला, तरी तो पेट घेतो. सल्ला चुकीचा असला तर माझे पैसे जातील, बिडी चुकीच्या जागी आली तर त्याचे डोळे. हे मी त्याला सांगतो, आणि तो बिडी दुसऱ्या हातात घेतो.

बाकीचे बिघाड थोडक्यात, कारण चहा संपत आला आहे. गाडी मागं जाते पण पुढं जात नाही, तर बहुतेक वेळा पुढं-मागंचा स्विच. काहीच हालचाल नाही आणि ब्रेकचा लाल दिवा सतत लागलेला, तर ब्रेकचा स्विच अडकलाय आणि कंट्रोलरला वाटतंय तुम्ही ब्रेक दाबून बसलाय. मोटार घुं-घुं करते, झटके देते, पण फिरत नाही, तर मोटारीची फिरकी ओळखणाऱ्या हॉल सेन्सरच्या पाच बारीक तारा पाहा. लाल-काळीवर पाच व्होल्ट आणि चाक हातानं फिरवलं, की उरलेल्या तिन्हींवर आकडा शून्य-पाच, शून्य-पाच असा उड्या मारायला हवा. उंदरांना याच तारा आवडतात. अ‍ॅक्सिलरेटरची सिग्नल तार सोडलेल्या मुठीला एक व्होल्टच्या आत आणि पूर्ण पिळल्यावर साडेतीन-चारच्या वर हवी. गोल्फ कार्टवाल्यांनी पेडल दाबून 'टक' आवाज ऐकावा. टक झालं आणि गाडी हलली नाही, तर सोलेनॉइडची, म्हणजे त्या टक वाजणाऱ्या मोठ्या स्विचची, आतली टोकं जळलेली असू शकतात. या सगळ्या बिघाडांनाही बाहेर 'बॅटरी गेली' हेच नाव आहे.

माझ्या सांध्यावर एवढंच केलं : एमसीबी पाडला, बोल्ट सोडला, बॅटरीची झाकणं घट्ट लावून कोमट पाण्यात कालवलेल्या खायच्या सोड्यानं खार धुतला, पुसून कोरडं केलं, पॉलिश पेपरनं शिसं चकचकीत होईतो घासलं, थिंबल नवी क्रिम्प करून बसवली, वरून ग्रीसचा हात दिला. थिंबल पन्नास रुपयांच्या आतली. पुन्हा चढणीवर मोजलं, २.६ च्या जागी आकडा ०.०५. चार सवाऱ्यांसह पूल चढला. हे मेकॅनिकला दाखवायला नेलं, तर तो मीटरकडं पाहून म्हणाला, "आता चालते जी, पन बॅटरीचा काई भरोसा नाई."

म्हणून माझी मागणी लेखी आहे आणि ती मी गॅरेजात देऊन आलो आहे. बॅटरी बदलण्यापूर्वी बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चार प्रकारचे आकडे लिहावेत : उभ्या गाडीचं व्होल्टेज, चढणीवर प्रत्येक बॅटरीचं, चढणीवर कंट्रोलरच्या तोंडाशी, आणि सगळ्यांत जास्त गळणाऱ्या सांध्याचं. खाली मालकाची आणि मेकॅनिकची सही. सांध्याचा आकडा ०.१ च्या वर असेल, तर बॅटरीला हात लावायचा नाही. पुलापर्यंत जायला मेकॅनिकला वेळ नसेल, तर गाडीत त्याची जागा मी राखून ठेवतो, भाडं घेणार नाही. मीटर माझा, लांब तारा माझ्या, पेनही माझं.